दोन डबे, एक घड्याळ

आमच्या वयाला फोन वाजला की आधी कोण गेलं असेल याचा अंदाज बांधायचा आणि मग तो उचलायचा, अशी सवयच लागली आहे. त्या सकाळी मालतीवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले..." सदा आणि मी बडोद्याला रेल्वेत बरोबर नोकरी केली, बरोबर निवृत्त झालो. मला रडू आलं नाही. दमल्यासारखं झालं, आणि तो थकवा अजून गेलेला नाही.

निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, सदा डब्यांच्या नादी लागला. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर एका डब्यात बसवायचा आणि त्यावर इंटरनेटवरची गाणी ऐकायची. आवाज मात्र त्याला कधीच पसंत पडला नाही. "घड्याळ हलकं आहे यातलं," तो म्हणायचा. घड्याळ म्हणजे नखाएवढा स्फटिकाचा तुकडा. त्याच्या ठोक्यावर गाण्याचा एकेक आकडा बाहेर पडतो म्हणे. "ते दिवसाला थोडं मागे पडलं तर कानाला कळत नाही रे. पण ठोका डगमगता कामा नये. तबलजी संथ वाजवेल तर चालतं, हात थरथरला की संपलं." मग घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या त्याच्या घरी रविवारी परीक्षा व्हायची. एका डब्यात साधं घड्याळ, दुसऱ्यात त्याने निवडून बसवलेलं. पडद्यामागे वहिनी वायर बदलणार आणि मी सेव-उसळ बाजूला ठेवून सांगायचं, कुठला बरा. मला कधीच फरक कळला नाही आणि मी ते तोंडावर सांगत आलो. "तुझे कान इंजिनांनी खाल्ले," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

कुणी बघून ओळखू नये म्हणून त्याने दोन्ही डबे हुबेहूब सारखे केले. आजारपणात, चमचा धरवत नसताना, शेवटचं घड्याळ त्यांतल्या एकात बसवलं आणि दोन्ही झाकणं चिकटवून टाकली. कुठल्या, ते त्यालाच ठाऊक. आणि शहाणा न सांगता निघून गेला!

दिवस झाल्यावर सदाच्या मुलाने आठवण म्हणून एक डबा पुण्याला मागितला. वहिनींना ते शेवटचं घड्याळ घरातच हवं होतं. "तुम्हीच ओळखा, भाऊ. त्यांच्यापुढे इतकं दुसरं कोण बसलंय?" मी आळीपाळीने ऐकत राहिलो. काही कळेना. झाकण उघडतो म्हटलं, तर म्हणाल्या, "ना ना, कानांनीच. त्यांना नसतं चाललं."

शेवटी त्यांनीच एक डबा डाव्या स्पीकरला, दुसरा उजव्या स्पीकरला जोडायला लावला आणि दोन्हींवर तीच गाणी एकदम सुरू केली. आधी एकच बाई गात होती. चहा झाला, जेवणं झाली, शेजारीण येऊन बसून गेली. आणि हळूहळू त्या बाईच्या मागे तीच बाई, किंचित उशिरा, गाऊ लागली. दोन घड्याळं वेगळी आहेत एवढं कळलं. सदाचं पुढचं की मागचं, ते यावरूनही सांगता येईना. मला फार वाईट वाटलं. बंद करायला उठलो.

"राहू द्या ने," वहिनी म्हणाल्या. "एक पुढे गेलंय, एक मागून येतंय... मुलाला मी सांगते, दोन्ही इथेच राहतील."

मी परत खाली बसलो.