पुलाअलीकडे बंद पडणारे ट्रक

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. शनिवार होता, साडेतीनची वेळ. सातारा सोडून कराडकडे जाताना महामार्गावर एक पूल लागतो. त्याच्या अलीकडे लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रक भर रस्त्यात बंद पडून उभा होता. मागून येणाऱ्या खासगी बसच्या चालकाला तो उशिरा दिसला. त्याने झटक्यात बस बाजूला घेतली आणि बसच्या मागून येणारा मोटारसायकलस्वार थेट ट्रकवर आदळला. रहिमतपूरकडचे एक प्राथमिक शिक्षक होते. सकाळची शाळा करून कराडला बहिणीकडे निघाले होते. आम्ही पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी त्या वेळी महामार्ग पोलीस मदत केंद्राचा प्रभारी होतो. कुणाचंही नाव मी इथे घेणार नाही. काहींची मुलंबाळं आजही त्याच भागात राहतात.

आमचं काम लोकांना फारसं माहीत नसतं. रस्त्यावर वाहन बंद पडलं किंवा उलटलं, की जखमींना हलवायचं, मागे शंभर-दीडशे मीटरवर शंकू लावून लेन बंद करायची, वाहतूक सेवा रस्त्याने काढायची आणि क्रेन आणून लवकरात लवकर रस्ता मोकळा करायचा. रुंदीकरणाच्या कामामुळे तेव्हा पुलाजवळचा रस्ता अरुंद झाला होता. एक ट्रक अडला की पाऊण तासात दोन-अडीच किलोमीटर रांग लागायची. पहिली दहा मिनिटं लोक गाडीत बसून राहतात. मग खाली उतरतात, मग उलट्या दिशेने गाड्या घालतात, आणि एकदा तसं झालं की रुग्णवाहिकेलाही वाट राहत नाही. म्हणून आमची सगळी धडपड त्या पहिल्या दहा मिनिटांसाठी असायची.

दोन महिन्यांत त्या जागी बंद पडलेला हा पाचवा ट्रक होता. पाचही वेळा दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान. पाचही वेळा कारण एकच, ब्रेकची हवा उतरली. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पाइपातून हवा गळून दाब कमी झाला, की मागची चाकं आपोआप जाम होतात आणि ट्रक जागचा हलत नाही. क्रेनलाही तो ओढता येत नाही. गळती शोधून बंद करावी लागते आणि इंजिन चालू ठेवून पुन्हा हवा भरावी लागते.

हे काम करायला आमच्याकडे एक मिस्त्री होता. अलीकडच्या गावात त्याचं ब्रेकदुरुस्तीचं जुनं दुकान होतं. फोन केला की मोटारसायकलवरून सेवा रस्त्याने दहा मिनिटांत हजर. ट्रकखाली शिरायचा आणि पंधरा मिनिटांत गाडी चालू करून द्यायचा. नंतर शिट्टी घेऊन आमच्या पोरांबरोबर वाहतूकही काढायचा. तिसऱ्या ट्रकनंतर मी त्याला केंद्रावर बोलावून सगळ्यांसमोर शाल आणि श्रीफळ दिलं होतं. स्थानिक वर्तमानपत्रात फोटोही आला होता.

हे ट्रक कुणीतरी मुद्दाम बंद पाडतंय, असं मला वाटायला लागलं होतं. माझा संशय ज्याच्यावर होता तो माणूस माझ्याच केंद्रातला होता.

आमचे हवालदार विट्याकडचे. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. सगळं केंद्र त्यांना आबा म्हणायचं. ट्रक बंद पडल्याची खबर आली, की ती आधी नोंदवहीत घ्यायची, मग नियंत्रण कक्षाला कळवायची आणि तिथून ठरलेली क्रेन निघायची, अशी पद्धत. पण या पाचही वेळा एक खासगी क्रेन आमच्याआधी तिथे उभी असायची. नोंदवहीतली वेळ आणि क्रेन पोचल्याची वेळ यांचा मेळ बसत नव्हता. चौथ्या वेळी खबर आली तेव्हा आबा केंद्राच्या मागे जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलताना मला दिसले. चौकशी केली तेव्हा कळलं, क्रेनवाला त्यांच्या बायकोच्या माहेरच्या गावचा होता. ट्रक ओढायचे पैसे क्रेनवाल्याला आणि त्यातला वाटा आबांना, असं मी धरलं.

एकदा संशय आला की माणसाची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागते. आबांनी नुकतंच गावी दुमजली घर बांधलं होतं. हवालदाराच्या पगारात? त्यांचे दोन भाऊ दूर दक्षिणेत सोनं गाळण्याच्या दुकानात आहेत आणि घर तिघांचं आहे, हे मला ठाऊक होतं. तरीही तो प्रश्न मी मनातून काढला नाही. मला ते मी आल्यावर उठून उभे राहायला वेळ लावतात असं वाटायला लागलं. गुडघे दुखतात म्हणून वेळ लागतो, हेही मला ठाऊक होतं.

शिक्षकांच्या मृत्यूनंतर प्रकरण साध्या बिघाडाचं राहिलं नाही. मी वरिष्ठांच्या परवानगीने आबांच्या आणि क्रेनवाल्याच्या फोनचे तपशील मागवले, आणि आबांना रस्त्यावरून काढून कार्यालयात बसवलं. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. "बरं साहेब," एवढंच म्हणाले आणि कपाट उघडून जुन्या फायली लावायला बसले.

त्यानंतर बारा दिवस काही झालं नाही. माझी खात्री वाढत गेली. माणूस हलवला आणि प्रकार थांबला, असा मी हिशेब केला.

तेराव्या दिवशी सहावा ट्रक बंद पडला. या वेळी ती खासगी क्रेन आलीच नाही, पद्धतशीर निरोप जाऊन ठरलेली क्रेन पोचायला पन्नास मिनिटं लागली. तोवर रांग तीन किलोमीटरवर गेली होती. मिस्त्रीला फोन करायचं गडबडीत राहून गेलं होतं, तो मी शेवटी स्वतः केला. पण तो येईपर्यंत ट्रकचा चालक स्वतःच खाली शिरून गळती बंद करून बाहेर आला होता. पन्नाशीचा, ताठ माणूस. म्हसवडकडचा. मिस्त्री गाडीजवळ येऊन थांबला, इंजिनाचा आवाज ऐकला आणि परत गेला. त्याचा चेहरा उतरलेला दिसला. काम हुकलं म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

ट्रक मार्गी लावल्यावर चालक मला म्हणाला, "साहेब, जरा पुढं थांबतो. तुमच्याशी बोलायचं हाय. एकट्याशी."

पुढच्या थांब्यावर त्याने मला ब्रेकच्या हवेच्या टाकीजवळ वाकायला लावलं.

"मी अठरा वर्सं फौजेत गाड्या चालवल्या. तिथली सवय हाय, प्रत्येक नटावर आणि पाइपावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारायची. नट हलला की रेघ तुटती. ही बगा."

बाकी सगळ्या नटांवरची पिवळी रेघ सरळ होती. एकावर मात्र ती अर्धा फेरा सरकलेली होती.

"धक्क्यानं ढिला झाला नसेल?" मी विचारलं.

"धक्क्यानं येवढा न्हाई फिरत. आणि हितं पान्याचा ताजा ओरखडा हाय. सकाळी निघताना मी सगळ्या रेघा बघितल्या हुत्या. कुणीतरी वाटंत ढिला केलाय."

"वाटेत कुठे थांबला होतास?"

"एका जागी. पुलाच्या आदी सात-आठ किलोमीटरवर हाटेल हाय, तितं जेवलो. अर्धा तास."

मी केंद्रावर येऊन नोंदवही काढली आणि आधीच्या पाचही चालकांना एकामागून एक फोन लावले. एकजण गुजरातेत होता, एकाची नोकरी सुटली होती. पाचही जण त्या दिवशी त्याच हॉटेलावर जेवायला थांबले होते. हळू गळती सुरू झाली, की दाब संपेपर्यंत ट्रक सात-आठ किलोमीटर जातो. म्हणजे पुलापर्यंत.

माझ्या डोक्यात अजूनही क्रेनवालाच होता. त्याचाच कुणी माणूस हॉटेलावर नट ढिले करत असणार आणि आबा आतून साथ देत असणार, असं मी धरलं होतं. म्हणून सापळ्याची गोष्ट मी केंद्रात फक्त दोन शिपायांना सांगितली. फौजी चालक मदतीला तयार झाला. चार दिवसांनी त्याची पुढची खेप होती. हॉटेलाच्या बऱ्याच अलीकडे दोन पंचांसमोर त्याच्या ट्रकच्या सगळ्या नटांवरच्या रेघांचे फोटो काढून पंचनामा केला. माझा एक शिपाई क्लीनर बनून केबिनमध्ये आडवा झाला, दुसरा बाजेवर चहा घेत बसला. मी शेजारच्या टपरीत साध्या कपड्यात होतो.

फौजी जेवायला आत गेला. वीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. मग एक माणूस हातात लोखंडी दांडा घेऊन ट्रकांच्या रांगेतून चालत आला. टायरवर दांडा आपटून हवा बघतात तसं करत, प्रत्येक ट्रकशी थांबत. चालक मंडळी त्याला ओळखत होती, एक-दोघांनी हात केला. फौजीच्या ट्रकशी तो वाकला आणि केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीत शिरला. शिपायाने त्याचं मनगट धरलं तेव्हा पाना नटावरच होता.

मी धावत गेलो. तो आमचा मिस्त्री होता.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला वाटलं की शिपायांनी चुकीचा माणूस धरला. तोंडून निघणारच होतं, अरे सोडा त्यांना. मग मी नटाकडे पाहिलं. रेघ तुटलेली होती.

केंद्रावर आणल्यावर तो तासभर एकच सांगत होता. "हवा तपासत हुतो साहेब. ड्रायव्हर लोकांची सेवा म्हणून." मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. मोठ्या आवाजाने माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस खोटं नीट पाठ करतो. मी पंचनाम्यातले फोटो टेबलावर मांडले, आधीचे आणि नंतरचे. त्याने ते जवळ ओढून पाहिले. कारागीर माणूस. रेघेचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.

"ही आयडिया चांगली हाय," तो शेवटी म्हणाला. मग तोंडावरून हात फिरवला. "व्हय. मीच."

"सगळे सहा?"

"सगळे."

"का?"

त्याने पाणी मागितलं, प्यायला.

"नव्या गाड्या आल्या, कंपनीच्या दुरुस्तीच्या गाड्या आल्या. माज्या दुकानाकडं कोण बघंना. पैला ट्रक खरंच आपसूक बंद पडला हुता, पुलापाशी. मी सुरू केला. तुमच्या मानसांनी पाठ थोपटली. मग दुसरा... दुसरा मी केला. नंतर तुमी शाल दिली. लोक रस्त्यात थांबवून बोलायला लागले. आवं, पोलीस फोन करायचे मला."

म्हणजे सहा नाही, पाच. मी ते मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि विचारलं, "आणि मास्तर गेले तेव्हा?"

"त्यांचं डोकं माज्या मांडीवर हुतं साहेब. तुमी बघितलंय."

मी पाहिलं होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत तो त्यांच्याजवळ बसून होता. त्याचा सदरा रक्ताने भिजला होता. मी त्याला घरी जायला सांगितलं होतं आणि तो गेला नव्हता.

"त्येच्यानंतर मी थांबलो हुतो," तो म्हणाला. "आता न्हाई करायचं, ठरवलं हुतं."

"मग परत का?"

त्याने समोरचा रिकामा पेला सरकवून फोटोंच्या कडेला लावला.

"बारा दिवस कुणाचा फोनच आला न्हाई," तो म्हणाला.

नोकरीत मी खुनाचे जबाब घेतले आहेत. पण त्या वाक्याने मला जितकं अस्वस्थ केलं तितकं कशाने केलं नाही. त्याचा कबुलीजबाब पुढे रीतसर नोंदवला गेला, सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं आणि न्यायालयात शिक्षा झाली.

आबांच्या फोनचे तपशील दुसऱ्या दिवशी आले. क्रेनवाल्याला केलेले फोन त्यात होते, पाचही तारखांना. मी आबांना आत बोलावलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. मिस्त्री सापडल्याचं त्यांना कळलेलंच होतं.

"ह्ये तुमी कवा मागवलं?" त्यांनी विचारलं.

मी तारीख सांगितली. कार्यालयात बसवलं त्याच्या आदल्या दिवसाची.

"निरोप कंट्रोलला जाऊन क्रेन निघायला पाऊण तास जातो," आबा म्हणाले. "ही क्रेन पुलापासनं चार किलोमीटरवर उभी असती. म्हणून आदी फोन करायचो. नियमात बसत न्हाई, म्हणून मागं जाऊन करायचो. तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्या क्रेनला एकाही वेळी काम मिळालं नव्हतं. जाम झालेला ट्रक क्रेन ओढू शकत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाच वेळा ती आली आणि रिकामी परत गेली. ज्याला एकदाही फायदा झाला नाही त्याच्यामागे मी लागलो होतो, आणि ज्याला प्रत्येक वेळी काम मिळत होतं त्याचा सत्कार करत होतो. हे सगळं माझ्याच नोंदवहीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही, कारण आधी माणूस ठरवला होता.

मी आबांची माफी मागितली. दार बंद करून मागितली, हे मला नंतर खुपलं. कार्यालयात बसवलं होतं ते सगळ्यांच्या देखत.

"ऱ्हाऊ द्या साहेब, काम हाय ते," असं म्हणून ते उठले. महिन्याभरात त्यांनी सांगलीला बदली मागून घेतली. जाताना कुणाशी वाकडं बोलले नाहीत.

त्यांनी चोरून जे केलं ते आम्ही पुढे उघडपणे सुरू केलं. जवळची क्रेन आधी, नोंद नंतर, असा वरिष्ठांना प्रस्ताव दिला आणि तो मान्य झाला. पुलाजवळचा रस्ता आता पंधरा-वीस मिनिटांत मोकळा होतो. प्रस्तावावर माझी सही आहे. त्यात आबांचा उल्लेख करावा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायची वेळ आली की मी ही केस सांगतो. संशय घ्यावाच लागतो, त्याशिवाय आमचं काम होत नाही. पण संशय आला की पहिल्यांदा त्या माणसाला समोर बसवून सरळ विचारावं. तो खोटं बोलला तरी त्यातून काही कळतं. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं, खात्री हवी होती.

निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी विट्याकडे आबांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा केला. आबांनी गुडघ्यावर हात ठेवून उठत मला जिन्यापासून गच्चीपर्यंत सगळं घर दाखवलं, कोणती खोली कोणत्या भावाची तेही सांगितलं. मी न विचारता. कार्यक्रमाला ते आले नाहीत.