शेजारच्या सीटवरच्या रुकैयाभाभी

रुकैयाभाभी गाडीत बसल्या की बोलायला लागत. नवऱ्याने, म्हणजे दाऊदभाईंनी, किल्ली फिरवायचा अवकाश. "समोर पांढरी गाडी हाय. हळू. हां, आता गेली. सिग्नल हिरवा हाय, जा. उजवीकडनं टॅक्सी येतेय मेली, येऊ दे तिला." सौदीत, जेद्दातल्या आमच्या घरापासून भाजीबाजारापर्यंत हे समालोचन चालायचं. मागच्या सीटवर मी आणि माझी बायको मंगल. मंगल माझ्याकडे बघून डोळे मोठे करायची. याचा अर्थ, 'बघा, मी किती गरीब आहे.'

आम्ही त्यांच्या व्हॅनमध्ये का, तर माझ्याकडे लायसन नव्हतं. अजूनही नाही. राबिघच्या कारखान्यात कोट्यवधींची यंत्रं माझ्या भरवशावर चालतात, पण दोन खांबांच्या मधे गाडी मागे घ्यायची म्हटलं की माझ्या हातापायांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. परीक्षा घेणारा शिपाई मला आता नावाने ओळखतो. कारखान्यात कंपनीची बस नेते, आणि शुक्रवारी खालच्या मजल्यावरचे दाऊदभाई.

दाऊदभाई श्रीवर्धनचे. बलद बाजारपेठेतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे ते डिलिव्हरीला होते. तोच त्यांचा कफील; त्याच्याच सहीवर त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना. हाजी नेसतात ते इहरामचं पांढरं कापड, जपमाळा, नमाजाचे मुसल्ले, असा माल गोदामातून उचलायचा आणि जुन्या शहरातल्या दुकानादुकानांत पोचवायचा. जगभरून आलेले हाजी इथून घरी जी काही आठवण नेत, त्यातली बरीचशी दाऊदभाईंच्या व्हॅनमधून आलेली असायची. हल्ली भाभीही रोज त्यांच्याबरोबर जायच्या. पहाटे स्वयंपाक, मग मुलीचा, नाझियाचा डबा, मग दिवसभर व्हॅन, संध्याकाळी पुन्हा चूल. चेहरा कायम उतरलेला. मी एकदा म्हटलं, "भाभी, तुम्ही कशाला दमता? घरी आराम करा."

"आराम श्रीवर्धनला ठेवलाय, सावंतभाई," त्या म्हणाल्या. "कपाटात. कुलूप लावून."

त्यांच्या बडबडीवर मी इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात एक नक्कल बसवली होती. डोक्यावर मंगलची ओढणी घेऊन खुर्चीवर बसायचो आणि "येऊ दे तिला मेलीला" म्हणायचो. लोक पोट धरून हसायचे. भाभीही हसल्या होत्या. दाऊदभाई मात्र नुसते समोर बघत होते. विनोद कळला नसेल, असं मी धरून चाललो.

मग थुवालच्या बाजूला समुद्रावर जायचं ठरलं. मला त्या दिवशी परोपकाराची उबळ आली. मी पुढचं दार उघडून उभा राहिलो आणि म्हणालो, "भाभी, आज तुम्ही मागे मंगलशी गप्पा मारा. दाऊदभाईंच्या कानांना जरा सुट्टी."

भाभी जागच्या हलल्या नाहीत. "मना मागं मळमळतं."

"मग मी खिडकीजवळची जागा देतो ना!"

दाऊदभाईंकडे त्यांनी एकदा पाहिलं. दाऊदभाई म्हणाले, "बस मागं. रस्ता ओळखीचा हाय." सगळ्यांसमोर आणखी ताणलं तर काहीतरी उघडं पडेल म्हणून असेल, पण त्या मागे बसल्या. मी पुढे बसलो आणि कारखान्यातल्या साहेबाची तक्रार सुरू केली. तक्रार ऐन रंगात आली असताना मागून किंकाळी आली. "दाऊद! लाल! लाल हाय!"

ब्रेक लागला तेव्हा आम्ही चौकाच्या मधोमध होतो. पाण्याचा एक टँकर माझ्या दारापासून हातभर अंतरावर थांबून भोंगा वाजवत होता. सिग्नल चांगला डोक्यावर होता, लालभडक. मी तो पाहिला नव्हता, कारण मी बोलत होतो. दाऊदभाईंनी तो पाहिला नव्हता, कारण त्यांना तो दिसला नव्हता.

व्हॅन कशीबशी कडेला आली. दाऊदभाई उतरून फुटपाथवर बसले. भाभी त्यांच्या शेजारी बसल्या आणि ओढणीने त्यांचं कपाळ पुसत आम्हाला म्हणाल्या, "काचबिंदू. डावा गेलाय. उजव्यानं नळीतनं बघितल्यागत दिसतं. समोरचं तेवढं, बाजूचं काय नाय."

"कधीपासून?" मंगलने विचारलं.

"लय दिवस. कफीलला कळला तर नोकरी खलास, इकामा खलास. नाझियाचं बारावीचं वर्ष. मधेच उचलून नेली तर पोरीचं वर्ष जाईल. परीक्षेपर्यंत काढू म्हटला. मी बघतंय, तो चालवतोय."

माझ्या त्या नकलेचं एकेक वाक्य मला आठवायला लागलं. मी मुकाट्याने टँकरवाल्याने दिलेल्या शिव्यांची उजळणी केली. त्या मला कमीच वाटल्या.

आता अडचण अशी की गाडीत लायसन होतं त्याला दृष्टी नव्हती आणि दृष्टी होती त्याला लायसन नव्हतं. शेवटी दाऊदभाईंच्या ओळखीचा एक म्हसळ्याचा माणूस टॅक्सी करून आला आणि त्याने व्हॅन चालवत आम्हाला घरी नेलं. घराखाली उतरताना भाभी म्हणाल्या, "बस झाला. कुणाचा पोर मरंल आपल्यापायी. मी शिकतंय."

"तू?" दाऊदभाई म्हणाले. "ह्या वयात?"

"तुला इतकी वर्षं कोण चालवतंय?"

इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळून आता काही वर्षं झाली आहेत, पण आमच्या इमारतीतल्या कुणी बाईने लायसन घेतलं नव्हतं. भाभी शिकायला जाऊ लागल्या. रस्त्याच्या खुणांची परीक्षा मी घ्यायचो, कारण नापास होऊन होऊन मला सगळे प्रश्न तोंडपाठ झाले होते. रात्रीची भांडी घासता घासता त्या उत्तरं द्यायच्या. कधी एखाद्या प्रश्नाला उत्तर यायचं नाही, तेव्हा बघावं तर हातात पातेलं आणि डोळे मिटलेले.

"भाभी, उद्या करू."

"उद्या काय झोप मिळणार हाय? विचार."

पहिल्याच फटक्यात त्या पास झाल्या. दोन खांबांच्या मधे गाडी अशी घातली म्हणे, जशी फडताळात बरणी. माझ्या ओळखीच्या शिपायाने ही बातमी मला मुद्दाम सांगितली.

मग त्या स्वतःच कफीलसमोर गेल्या. तो म्हातारा अरब दुकानात गल्ल्याशी बसलेला. दाऊदभाई खाली मान घालून उभे. भाभींनी मोडक्यातोडक्या अरबीत सगळं सांगितलं, डोळ्याचं, लपवल्याचं, नाझियाच्या परीक्षेचं, लायसनचं. म्हातारा आधी भडकला. आपल्या नावावरच्या गाडीने माणूस मेला असता तर, म्हणाला. ते खरंच होतं. भाभींनी ऐकून घेतलं. ओरडून झाल्यावर त्याने विचारलं, "मुलीची परीक्षा कधी संपते?"

"मार्चमध्ये."

"मग मार्चपर्यंत तू चालव. त्यानंतर खलास. आणि गाडीला ओरखडा आला तर त्याच दिवशी खलास. यल्ला, निघा."

त्या हिवाळ्यात बलदच्या गल्ल्यांमधून व्हॅन भाभींनी चालवली. माल उतरवायचे, मोजायचे, दुकानदारांशी बोलायचे दाऊदभाई. बोटांनी चाचपून कापडाची जात सांगायचे. भाभी मात्र वाळत गेल्या. आधी नुसतं बघायचं काम होतं, आता चालवायचंही. "गल्लीत गाडी घातली ना," त्या एकदा मंगलला म्हणाल्या, "की आता घासली, आता घासली असा वाटतो. रोज. सवय होईल म्हटला, पण नाय होत." ओरखडा मात्र आला नाही.

नाझियाच्या शेवटच्या पेपरला मीही रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. त्या तिघांची श्रीवर्धनला परतायची तिकिटं पुढच्या आठवड्याची होती. नाझिया शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर मी चहा आणायला गेलो. येऊन बघतो तर भाभी स्टिअरिंगवर डोकं टेकून गाढ झोपलेल्या. तोंड किंचित उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली. शेजारी दाऊदभाई ताठ बसलेले. माझी चाहूल लागताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

थोड्या वेळाने शाळेचा पहारेकरी हात हलवत आला. बसला जागा हवी होती. दाऊदभाई चाचपडत उतरले, त्याच्यापाशी जाऊन अरबीत काहीतरी हळू आवाजात बोलले. पहारेकऱ्याने काचेतून आत डोकावून पाहिलं आणि बस पलीकडून वळवून घेतली.

पेपर सुटला. नाझिया धावत आली, "अब्बा, इट वॉज सो इझी..." आणि आईला बघून थबकली. मी दाराकडे हात नेला.

"नहीं अंकल," ती कुजबुजली. "सोने दीजिए."

व्हॅनच्या सावलीत आम्ही तिघे फुटपाथवर बसलो. गार झालेला चहा वाटून घेतला. मुलं गेली, बस गेल्या, फाटक लागलं. घरी जायला आम्हाला त्या दिवशी बराच उशीर झाला.