पितृपक्षाची मुदत

रामकन्येच्या कपाळावरचं कुंकू आईसाहेबांनी स्वतःच्या हातानं पुसलं.

आधी रुमाल पाण्यात बुडवला. मग अंगठ्यानं घासून घासून पुसलं. महालक्ष्म्यांचं हळदीकुंकू होतं. देवासातल्या झाडून सगळ्या मराठी बायका त्या दिवाणखान्यात बसल्या होत्या. कुंकू लावलं होतं आईसाहेबांच्या धाकट्या सुनेनं. ती नवीन होती, तिला बिचारीला काय ठाऊक.

"कुमारिका म्हणून लावावं तर वय उलटलं," आईसाहेब सुनेला म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सवाष्ण म्हणून लावावं तर नवरा कुठाय? आणि या दोघींचं जे आहे, त्याला आमच्या घराण्यात शब्द नाही."

मग माझ्याकडे वळून, "तुझ्या आईकडे बघून इतके दिवस पायरी चढू दिली. आता नको."

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पुरण लागलेलं. तिनं सगळं ऐकलं. आणि आत जाऊन पुन्हा पुरण वाटायला बसली.

रामकन्येचं कपाळ लाल झालं होतं. कुंकवानं नाही, घासल्यानं. देवीसाठी तिनं शेवंतीची वेणी आणली होती. ती गड्यानं उचलून बाहेर आमच्या चपलांवर आणून टाकली.

आईसाहेबांच्या मागे दोन्ही महालक्ष्म्या उभ्या होत्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. जरीच्या साड्या, नथी, खांद्याला खांदा. त्यांचे यजमान कुठायत हे त्या मखरात कुणी विचारत नाही. त्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय.

आईसाहेब जुन्या दरबारी घराण्यातल्या. संस्थान जाऊन जमाना झाला होता, पण मराठी समाजातलं पान त्यांच्याशिवाय हलत नव्हतं. आम्ही त्या घराण्यातले नव्हे. वडील जळगावकडून कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथंच गेले. आई आईसाहेबांकडे सणावाराला पुरणपोळ्या करायची. भावाची नोकरी आईसाहेबांच्या मुलानं लावलेली. त्या मुलाला सगळे भैयासाहेब म्हणत. म्हणून आई पुरणाकडे परत गेली. मला ते कळत होतं. कळलं म्हणून राग कमी झाला असं नाही.

रामकन्या बागलीजवळच्या खेड्यातली. आईबाप लहानपणी गेले, मामानं वाढवली. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आम्ही एका टेबलावर होतो. तिथं ओळख झाली. पुढं एक खोली भाड्यानं घेतली आणि एका चुलीवर जेवू लागलो. आमचं प्रेम होतं. नवराबायकोचं असतं तसं. हे मी आज सरळ लिहिते. तेव्हा आमच्या दोघींच्याही तोंडी त्यासाठी शब्द नव्हता. आईसाहेब तेवढ्यापुरत्या खरं बोलल्या.

गल्लीनं मात्र नाव ठेवलं होतं. जाडी जसोदा, पतली पेमा.

हे नाव संजातलं. देशावर भोंडला, तशी माळव्यात संजा. पितृपक्षात मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं चित्रं काढतात, फुलं लावतात, गाणी म्हणतात. अमावास्येला मोठा किल्ला काढायचा, त्याला किलाकोट म्हणतात. किल्ल्याच्या दारात दोन बायका असतात, एक जाडी, एक बारीक. मी अंगानं भरलेली, रामकन्या काडी. पोरं मागून ओरडायची आणि पळायची.

संजाचा नियम असा की, बिनलग्नाच्या मुलींनीच ती मांडायची. लग्न झालं की उद्यापन करायचं आणि संपलं. आमची लग्नं झाली नव्हती. म्हणून तिशी उलटली तरी रामकन्या आमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर दरवर्षी संजा मांडायची. शेजारणी नाकं मुरडायच्या, पण त्यांच्या मुली आमच्याकडेच यायच्या. रामकन्येसारखी गाणी कुणाला येत नव्हती.

हळदीकुंकवानंतर तीनचार दिवसांनी आई खोलीवर आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"आईसाहेबांनी तुझ्यासाठी स्थळ आणलंय. सोनकच्छचं. मंडीत दुकान आहे. बिजवर आहे, पण खाऊनपिऊन सुखी."

"आणि रामी?"

"तिचा मामा येतोय बागलीहून. भैयासाहेबांची जीप देणारेत. घेऊन जाईल तिला. तिकडं कुणी भगत आहे, उतरवतो म्हणे असलं."

"कधी?"

"घटस्थापनेला. आता पितृपक्ष लागतोय ना. त्यात असलं काही कसं करणार?"

हसावं का रडावं कळेना. दोन जिवंत बायांना फाडून वेगळं करायचं, पण मुहूर्त बघून! भगताकडे नेऊन तिला मारतील, कोंडतील, मिरच्यांची धुरी देतील. पण पितरांच्या दिवसांत नको, अशुभ असतं. त्यांच्या सोवळ्यानं आम्हाला एक पंधरवडा दिला होता.

आई गेल्यावर मी पेटी काढली. म्हटलं, इंदूरला जाऊ, पुढं कुठंही जाऊ. रामकन्या दारात शेण कालवत बसली होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

"भागे कायकू?" ती म्हणाली. "अपण ने कई चोरी करी हे?"

मला तिचा संताप आला. खरंच आला. मिरचीची धुरी तिच्या नाकात जाणार होती आणि ती शेणाला पाणी घालत होती. मी ओरडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. पण पेटी पुन्हा खाटेखाली सरकवली.

पितृपक्ष लागला तशी भैयासाहेबांची जीप यायला लागली. गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. कुणी उतरायचं नाही, बोलायचं नाही. आम्ही कामाला निघालो की इंजिन सुरू व्हायचं आणि चालण्याच्या वेगानं मागून यायचं. कारखान्याच्या फाटकापर्यंत. परतताना पुन्हा तेच. छपरावर कावळे, गल्लीत श्राद्धाच्या जेवणाचा वास, आणि मागे ते इंजिन. मी मान वळवत नव्हते. मानेला घाम फुटायचा.

घरमालक गेंदालालजी माणूस वाईट नव्हता. एक दिवस हात जोडून उभा राहिला.

"बेन, म्हारे कई लेणो-देणो नी. पण जीप रोज-रोज गली में खड़ी रे, अच्छो नी लगे. नवरात पेला खोली खाली कर दो." म्हणजे नवरात्राच्या आधी.

एका सकाळी उठलो तर भिंत धुतलेली. आदल्या संध्याकाळची संजा कुणीतरी पाणी मारून, खराट्यानं ओरबाडून काढली होती. फुलं चिखलात. त्या संध्याकाळी रामकन्येनं पुन्हा मांडली. पुन्हा धुतली गेली. पुन्हा मांडली. मुली यायच्या कमी झाल्या. आयांनी बंद केलं होतं. समोरच्या घरातल्या दोघी तेवढ्या येत राहिल्या.

भीती वाटत होती. खूप. पण त्या धुतलेल्या भिंतीकडे बघताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. हे लोक आम्हाला पाप म्हणत होते, रोग म्हणत होते. वरून चिकटलेल्या पापाला इतकं घासावं लागत नाही. किलाकोटाच्या दारात दोन बाया कधीपासून उभ्या आहेत कुणाला माहीत. आमच्या आयांच्या आयांनी त्या काढल्या, फुलांनी सजवल्या, त्यांची थट्टाही केली. पण पुसलं कुणी नाही. पुसायची पाळी आली ती भिंतीवरच्या बाया खोलीत राहायला लागल्यावर.

अमावास्येला आम्ही दोघींनी मिळून किलाकोट मांडला. त्या दिवशी मी पहिल्यांदा शेणात हात घातला. तोवर मला ते खेड्यातलं वाटायचं, मी आपली कारखान्याच्या कॉलनीतली.

घटस्थापनेची सकाळ. टेकडीवर माताजीच्या दर्शनाला गर्दी लोटलेली. गल्लीच्या तोंडाशी जीप. आज दारं उघडी. आत रामकन्येचा मामा, पुढं भैयासाहेब, मागच्या बाकावर आईसाहेब आणि त्यांच्या शेजारी, अंग चोरून, माझी आई.

त्या दिवशी संजा खरवडून पाण्यात सोडायची असते. दरवर्षी आम्ही मागच्या बोळातून, कुणाला दिसू नये अशा जायचो. रामकन्येनं संजाची टोपली डोक्यावर घेतली आणि जीपच्या दिशेनं चालायला लागली. मी तिचा हात धरला. रस्त्यात तिचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. समोरच्या दोघी मुली मागून आल्या. रामकन्येनं गाणं उचललं. माझा आवाज फुटेना, मग फुटला. बेसूर, पण फुटला.

मामा खाली उतरला. पण दर्शनाला निघालेल्या बायका गाणं ऐकून थांबल्या होत्या. भर सणाला, चारचौघांत, डोक्यावर संजा घेतलेल्या बाईला हात कोण लावणार? तो उभाच राहिला.

आईसाहेबांनी खिडकीतून मान काढली. "पोरींच्या खेळाआड लपतेस?"

मी म्हणाले, "लपायचं असतं तर मागच्या बोळातून गेले असते."

त्यांच्याशी उलटं बोलणारं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनीही नसावं.

"घरी चल गं," आई म्हणाली. रडत होती.

"मी घरूनच आलेय, आई."

आम्ही मोठ्या रस्त्यानं तलावापर्यंत गेलो. जीप सबंध रस्ता मागे होती. संजा पाण्यात सोडली.

याची किंमत मोजली नाही असं कुणी समजू नये. कारखान्याच्या ठेकेदारानं दोघींना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. खोली गेली. भावानं तोंड फिरवलं, आईचं दार बंद झालं ते आजवर बंद आहे. मामानं पुढं दोनदा माणसं पाठवली. एकदा रामकन्येचा दात पडला. आम्ही गाव सोडलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, शिवणयंत्र घेतलं. आणि दरवर्षी घटस्थापनेला टोपली घेऊन मोठ्या रस्त्यानं निघालो.

ऐकून ऐकून माणसं यायला लागली. धारची एक म्हातारी किन्नर आली. म्हणाली, राजवाड्यात पोर जन्मलं की पहिला आशीर्वाद आमच्या गादीचा असायचा. ज्यांच्या पाळण्यापुढं आम्ही ढोलक वाजवली तेच आता आम्हाला फाटकातून हाकलतात. इंदूरला शिकणारी एक मुलगी आली. ती म्हणाली, "मावशी, मोठ्या शहरांत असंच निघतात. झेंडे घेऊन. प्राइड म्हणतात." मी अर्थ विचारला. अभिमान, ती म्हणाली. रामकन्या खो खो हसली. "वी झंडा से करे, अपण गोबर से."

यंदा आईसाहेब नाहीत. भैयासाहेब आता मोठा पुढारी आहे. जीप गेली, पांढऱ्या गाड्या आल्या. पितृपक्ष लागला त्या दिवशीच त्याचा माणूस दारात आला. नीट बोलला, पाणीसुद्धा प्यायला. "निकलना मत इस बार. लड़के गरम हैं, फिर हमारे हाथ में कुछ नहीं." जाताना बाहेरच्या भिंतीवरची संजा त्यानं बोटानं जराशी उकरून पाहिली.

आमच्यातलेच काही म्हणतात, यंदा मागच्या बोळातून जाऊ. तलाव तर तोच आहे, संजा तर बुडतेच. फरक काय पडतो?

फरक सांगते. बोळात मारलं तर उद्या म्हणतील, कुणी मारलं कोण जाणे. म्हणून आम्ही मोठ्या रस्त्यानं जाणार, भर दिवसा, डोक्यावरचा पदर मागे टाकून. मारणाऱ्याला आमची तोंडं नीट दिसली पाहिजेत. आणि आम्हाला त्याचं.