सासूचा डावखुरा इळा

माझी सासू सातपुड्याच्या पायथ्याची. तिच्या लहानपणी इंग्रजानं डोंगरावरचं गवत सरकारी करून टाकलं, खाली गुरं उपाशी. मग अख्खं गाव इळे घेऊन वर चढलं आणि कायदा मोडाले गवत कापलं. पोलिसांनी मोठ्यांना धरून नेलं, इळे जप्त केले. ही बारकी पोरगी. हिनं आपला इळा गवताच्या भाऱ्यात खुपसला, भारा डोक्यावर घेतला आणि शिपायासमोरून रडत रडत खाली उतरली. गावातला तेवढाच इळा वाचला.

सासऱ्याच्या नोकरीत रेल्वेच्या क्वार्टरा बदलत बदलत तो इळा भिलाईले आमच्या वैशाली नगरच्या घरी आला. दर पंधरा ऑगस्टले सकाळी सासू त्यानं आंगणातलं मूठभर गवत कापे, मगच चहा घे. ती डावखुरी, म्हणून लोहारानं दातेही तसेच पाडलेले. मी उजव्या हातानं चालवला की गवत नुसतं वाके, आणि ती हसे.

छत्तीसगड नवीन झालं होतं, तेव्हाची गोष्ट. माझा मुलगा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये. तिथं सफाईची मोहीम निघाली की बिनकामाच्या वस्तूले लाल पट्टी बांधतात, मग ती भंगारात जाते. या बाबूनं तेच घरी चालवलं. चौदा तारखेले मी इळा काढाले गेली, तर खुंटी रिकामी. लाल पट्टीवालं सगळं सकाळीच भंगारवाला घेऊन गेला, असं सांगता सांगताच त्यानं स्कूटरची चावी उचलली.

आतून सासू इचारून राहिली, "इळा काढला का वं?"

"काढून राहिली, आत्याबाई."

त्याच्या स्कूटरवर मागं बसून मी भिलाई-3 मधलं भंगाराचं दुकान गाठलं. आमच्या गावात लोखंडाले भट्टी काही दूर नाही. दुकानदार म्हणे, बरं झालं आलात, संध्याकाळी ट्रक भरतो. ढिगात कितीतरी इळे, सगळे सारखेच गंजलेले. लाकडाले भाव नाही म्हणून मुठी उपटून फेकलेल्या.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, कोणताही घे ना. आजीले दिसते कुठं?"

"हाताले तर कळते ना रे."

मी एकेक इळा पदरात धरून उजव्या हातानं कुंपणाजवळचं गवत कापून पाहिलं. हा कापे, तोही कापे. तो बाजूले टाकला, पुढचा घेतला. मग एकानं गवत नुसतं वाकवलं. मुलगा म्हणे, हा तर बोथट आहे. मी तो पदरातून सोडलाच नाही.

घरी येऊन नवी मूठ बसवली. सकाळी सासूच्या हातात दिला. तिनं मूठ दाबून पाहिली.

"मूठ बदलली," ती म्हणाली.

ती वाकली, डाव्या हातानं इळा ओढला. गवताची मूठ सुटून तिच्या हातात आली.

"चहा ठेव," ती म्हणाली.