भावनाच्या दुकानात पायलचा फोटो सापडंना

तर मी काय सांगत होते? हां, भावनाचं. लिही आर्यन, जल्दी करू नको, मी कुठं पळून चालले का?

भावना म्हंजे आपल्या पुंजारामची पोरगी. परतूरला स्टेशनच्या रोडवर तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. पुंजारामला वाचता येत न्हाई. एकदा कागदावर त्याचं नाव पुंडलिक छापून आल्तं, अन् ह्यानं आपला अंगठा देऊन टाकला. दोन वर्सं हेलपाटे! म्हणून पोरीनं दुकानातल्या कॉम्प्युटरला दोन पडदे लावले. एक तिच्यापुढं, एक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं. फॉर्म भरला की नाव मोठ्यानं वाचती, अन् इचारती, "बघा, फोटो तुमचाच का?" मान हालवल्याबिगर पुढचं बटन दाबत न्हाई. मला तर तीनदा इचारलं. मी म्हणलं, "बाई, एवढी म्हातारी दुसरी कोण असंल?"

तुझ्या ताईचा, पायलचा, नर्सिंगचा फॉर्म होता. त्याचा शेवटचाच दिवस, पाच वाजता बंद. जातीचा दाखलाच त्या दुपारी हातात आल्ता. आम्ही पोचलो तवा चार वाजून गेल्ते.

सगळं भरलं, फोटो तेवढा बारीक करून लावायचा राह्यला. भावनानं फोटोची खिडकी उघडली, तर ती दिसंचना! खालच्या पट्टीवर खिडकीचं बारकं चित्र होतं, दाबलं की उजळायचं, पण पडद्यावर काही न्हाई. बंद केली, पुन्हा उघडली. तेच.

मागं तातेराव सातबाऱ्यासाठी बसले होते. म्हणले, "वरून एक थापड मार. माझा टीव्ही तसाच चालतो."

"काका, तुमचा टीव्ही तुम्हाला भेतो. हे न्हाई भेत."

पायल ओढणी पिळून राह्यली. घड्याळात साडेचार.

मी सवयीनं आपल्याकडच्या पडद्यात बघाया गेले, तर तिथं नुसती वायर लटकून राह्यली. "पोरी, इकडचा पडदा कुठं गेला?"

"सकाळीच विहारात दिला, आजी. लेकरांच्या अभ्यासाला."

"मंग तुझी खिडकी तिकडंच उघडत असंल. आमची म्हैस इकली तरी चार दिवस आमच्याच दावणीला यायची."

भावना माझ्याकडं बघतच राह्यली. "आजी, बिलकुल बराबर! तिला जुनीच जागा याद हाय."

मंग तिनं खिडकी सरकवायला ऑल्टचं बटन धरून ते लांबडं बटन दाबलं, मंग एम, मंग डावीकडचा बाण दाबून धरला. अन् उजव्या कडेनं आपली पायल सरकत आत आली! आधी एक कान, मंग नाक, मंग सगळं तोंड. तातेराव ओरडले, "आली, आली!"

फोटो लागला तवा पाचाला सात मिनटं कमी. तरी त्या भावनाबाईनं आपला पडदा उचलून आमच्याकडं फिरवला. "फोटो तुझाच का?"

"ताई, दाबा ना!" पायल रडकुंडीला आल्ती.

"आधी मान हालव."

हालवली. मंगच दाबलं.

काल कळलं, पायलचा जालन्याला नंबर लागला. भावनाचा फोन काही लागंना. म्हणून हे वाचणारं कोणी परतूरला चाललं असंल, तर तिच्या दुकानात डोकावून एवढं सांगा. गर्दी असली तरी मोठ्यानं सांगा, तिथं बसलेल्या पुंजारामलाबी ऐकू जाऊ द्या.