कुब्लुआलुकचं नाव

बिशप पेनफोल्डची कुत्री परत आली तेव्हा माझ्या बहिणीला, नीव्हीला, कळा सुरू होत्या. कुत्र्यांमागे नुसत्या वाद्या फरपटत होत्या. ती बर्फावरून ओढतात ती स्लेज नव्हती. बिशपही नव्हता.

"वाद्या तुटल्यात की कापल्यात?" उलायुक आत्यानं तंबूतूनच ओरडून विचारलं. बाळंतपण तिच्या हाती होतं.

"कापल्यात," माझा भाऊ सागियाक म्हणाला. "सुरीनं."

"मग बर्फ फुटून स्लेज पाण्यात जाताना कापणारा हात शाबूत होता. उभा काय राहिलायस? जा, शोध!"

तो गेला. पण वसंतातला समुद्रावरचा बर्फ कुठं फाटेल, सांगता येत नाही.

आमच्यात बिशपला कुणी पेनफोल्ड म्हणत नसे. तो कुब्लुआलुक, मोठ्या अंगठ्याचा. तरुणपणी जहाजातून उतरला आणि त्यानं बांधलेलं पहिलंच बर्फाचं घर त्याच्या डोक्यावर कोसळलं. म्हाताऱ्या काउनाकनं त्याला उपसून काढलं, घर बांधायला शिकवलं. पुढे हा सगळा किनारा त्याच्याकडे आला; प्रार्थना, लग्नं, मयतं, शिवाय आमचे किडके दात. काउनाक वारला आणि त्याचं नाव माझ्या चुलतभावाला मिळालं. आमच्यात गेलेल्याचं नाव ज्या पोराला मिळतं, ते पोर म्हणजे तोच माणूस. म्हणून भर प्रार्थनेत बिशप त्या शेंबड्या पोरासमोर वाकायचा. "काका, सुरू करू का?"

"कर," पोरगं ऐटीत म्हणायचं. आम्ही हसून बेजार.

नीव्हीला मुलगा झाला. तो दूध घेईना, नुसता रडत राहिला. नाव मागत होता. आत्यानं आमच्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव त्याच्या कानात सांगून पाहिलं. एकाही नावाला तो थांबला नाही.

"आत्या, कुब्लुआलुक म्हण ना," नीव्ही म्हणाली.

"जीभ आवर!"

"गेलाच असेल तर?"

"आणि नसेल तर? तो तिकडे बर्फावर चालत असेल, अन् मी इथं बसून त्याचं नाव काढून घेऊ? थंडीत माणसाच्या अंगावरचा कोट ओढतं का कुणी?"

"मग माझं पोर मरू दे!"

पोराचं रडणं बारीक होत चाललं होतं. आत्यानं तोंड त्याच्या कानाशी नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं.

तेवढ्यात बाहेर कुत्री भुंकली. सागियाकनं बिशपला पाठीवरून आत आणलं. पाय काळेनिळे, ओठ फाटलेले.

"का रडतोय हा?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तुझं नाव मागतोय मेला."

"मग दे की."

"आणि तू?"

"दोघं मिळून वापरू. सांग, उलायुक. मीच म्हणतोय."

तिनं सांगितलं. पोर हुंदका देऊन थांबलं आणि चपाचप दूध प्यायला लागलं. नीव्ही हसत होती, रडत होती. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. बिशपच्या छातीवर तळवा दाबून ती बसली होती, आणि श्वास जरा लांबला की त्याला हाक मारत होती, "कुब्लुआलुक! अरे, कुब्लुआलुक!"

"ऐकू येतंय गं," तो पुटपुटायचा. तरी ती हात काढेना.