माझा बुद्ध्यांक

मॅडमनी मला उभं केलं आणि माझा बुद्ध्यांक फळ्यावर लिहिला. वर्गातला सगळ्यांत खालचा.

पनवेलच्या ज्युनियर कॉलेजात बारावी आर्ट्‌सला होते मी. नेऱ्याच्या पुढच्या आमच्या कातकरवाडीतून इथवर पोचलेली पहिलीच. मानसशास्त्र हौसेनं घेतलं होतं. माणसाच्या मनात काय चालतं ते कळेल, असं वाटलं होतं.

आदल्या दिवशी चाचणी झाली होती. चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं. टेनिसचं मैदान. पियानो. मॅडमच्या हातात स्टॉपवॉच. यातलं मी काहीच कधी पाहिलं नव्हतं. जागा कोऱ्या सोडल्या.

मॅडमनी विचारलं, "आईवडील काय करतात?"

"वीटभट्टीवर हायेत."

"शिकलेत?"

"नाय."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आनुवंशिकता म्हणजे काय, ते आता लक्षात राहील तुमच्या." तास संपेपर्यंत मी उभीच. बस म्हणायचं त्यांना सुचलंही नाही.

याहून वाईट पुढे झालं. मला ते खरं वाटलं. पुस्तकातही तेच होतं; छापलेलं खोटं कसं असेल? संध्याकाळी भट्टीवर गेले. आई कच्च्या विटा उचलत होती. जेवलीस का, म्हणून तिनं विचारलं. नुसती बघत राहिले आणि मनात म्हटलं, ही मंद आहे. माझ्या आईला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आठवड्यानं प्रयोगवही लिहायची होती. निष्कर्ष मॅडमनीच सांगितला. बुद्धी सामान्यापेक्षा कमी, कारण आनुवंशिकता. माझ्याबद्दल, माझ्याच अक्षरात. पहिले शब्द लिहिले. ‘आनुवंशिकता’पाशी हात अडला. त्या शब्दात आई होती. सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘चित्रातल्या वस्तू मी कधी पाहिल्या नव्हत्या.’

मॅडमनी वाचलं. "हे खोड. नाहीतर सही मिळणार नाही."

"खोडणार नाय, मॅडम."

रडू येत होतं. वही उचलली आणि जागेवर जाऊन बसले.

सही मिळाली नाही. प्रात्यक्षिकाला बसू दिलं नाही. प्राचार्यांकडे गेले, तर ते म्हणाले, मॅडमची माफी माग. मागितली नाही. वर्ष गेलं. मैत्रिणी पुढे गेल्या, मी विटा वाहिल्या.

जूनमध्ये पुन्हा फॉर्म भरला. तोच विषय, त्याच मॅडम. नापास करायचं तर करा. माझ्या हातून माझ्या आईला कुणी मंद लिहून घेणार नाही.